बोटीवरच्या चार जागा

स्कारवे बेटाच्या धक्क्यावर देविका सबनीस उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिच्याबरोबर उतरलेली माणसं पाच मिनिटांत आपापल्या गाड्यांत बसून निघून गेली. उरली ती, तिची चाकांची बॅग आणि खांद्यावरचा लॅपटॉप. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात पडलेलं हे बेट लांबीला अकरा मैल आणि तिचं गेस्ट हाउस नेमकं दुसऱ्या टोकाला. पण त्याची तिला काळजी नव्हती. बोट लागली की धक्क्यावरून पोस्टाची लाल मिनीबस सुटते, घरोघरी पत्रं टाकत जाते आणि वाटेत माणसंही सोडते, हे तिला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी बोटीच्या बुकिंगची नवी सिस्टिम बनवायच्या कामासाठी आली तेव्हा ती याच बसने सगळं बेट फिरली होती.

बसस्टॉपच्या खांबावर वेळापत्रकाच्या जागी प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद होता. सेवा पुढील सूचनेपर्यंत बंद.

तिने मोबाइल काढला. सिग्नल नव्हता. धक्क्यावरच्या छोट्या तिकीट ऑफिसला कुलूप होतं. वारा इतका होता की बॅग धरून उभं राहावं लागत होतं. ऑक्टोबर २००५चे ते पहिले दिवस होते.

दहा-बारा मिनिटांनी एक चिखलाने माखलेली गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आत साठीची एक भारतीय बाई होती, पांढरे केस बारीक कापलेले, अंगात जाडजूड जॅकेट.

"बस येणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी पुरतं तिथलं झालं होतं. मग तिची नजर देविकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. तिने ते नीट वाचलं. "सबनीस. म्हणजे बुकिंगच्या कॉम्प्युटरवाली तूच." हे ती मराठीत म्हणाली.

देविका दचकली. "तुम्ही मराठी?"

"नागपूरची. सुप्रभा पांढरीपांडे. इथे कुणाला म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर सू. सव्वीस वर्षं या बेटाची डॉक्टर आहे. गाडीत बस."

"थँक यू डॉक्टर, माझं गेस्ट हाउस..."

"गेस्ट हाउस राहू दे. आधी बस."

गाडी निघाली. एकाच गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना ओलं तपकिरी गवत.  

"पोस्टाची बस का बंद झाली?" देविकाने विचारलं.

डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"मग ऐक. मला इथे मराठीत ऐकून घेणारं कुणी नाही, आणि हे मला मराठीतच सांगायचंय."

त्यांनी सांगितलं ते असं. पोस्टाची बस इशबेल चालवायची. एकोणीस वर्षं चालवत होती. जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी ती दवाखान्यात आली. उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा सरकतोय, म्हणाली. डोळ्याच्या आतला रेटिना सुटायला लागला होता. मधला भाग अजून चिकटून होता, म्हणजे एका दिवसात ऑपरेशन झालं तर नजर वाचणार. हॉस्पिटल पलीकडच्या बंदरापासून शंभर मैल. धुकं दाट होतं, हेलिकॉप्टर दोन दिवस उडणार नव्हतं. पण बोटीला धुक्याचं काही नसतं. बोट दुपारी अडीचला होती. इशबेलला गाडीत मागे आडवी झोपवायची, डोकं हलू द्यायचं नाही आणि नर्सने गाडी थेट हॉस्पिटलला न्यायची.

"पूर्वी मी काय करायची? धक्क्यावरच्या तिकीट ऑफिसातल्या मोरागला फोन करायची. ती तिच्या वहीत लिहायची, डॉक्टरची एक गाडी. संपलं. बोटीवर अठ्ठावीस गाड्या मावतात, त्यातल्या चार ती दोन तास आधीपर्यंत कुणाला देत नसे. पेशंट असो, नर्स असो, कुणाची गाय अडली म्हणून पलीकडून जनावरांचा डॉक्टर यायचा असो, नाहीतर कुणाचं प्रेत घरी आणायचं असो. चाळीस वर्षं ही रीत होती. त्या दिवशी मोरागनं तुझ्या कॉम्प्युटरात पाहिलं. सगळ्या अठ्ठावीस गाड्या फुल. कॅम्परव्हॅन घेऊन फिरायला आलेली माणसं, मार्चमध्ये घरबसल्या बुक केलेली. पुढची मोकळी जागा गुरुवारी."

"मॅन्युअल ओव्हरराइड होता ना, हातानं जागा द्यायचा..." देविका म्हणाली.

"इथे नाही. तो आहे तिकडे मेनलँडच्या ऑफिसात, आणि शनिवारी ऑफिस बंद. मी स्वतः धक्क्यावर गेली. एकेका गाडीच्या काचेवर टकटक केली. एक म्हातारं डच जोडपं म्हणालं, आमची जागा घ्या. पण तिकिटावर गाडीचा नंबर. दुसरी गाडी चढवायची तर तिकीट बदलावं लागतं, आणि ते मोरागच्या हातात राहिलंच नव्हतं. बोटीवरच्या माणसाला महिन्यापूर्वीच एक ताकीद मिळाली होती, यादीबाहेरची गाडी घेतली म्हणून. तो रडायला आला होता, पण त्यानं घेतलं नाही. पायी चढवली असती, तर पलीकडे शनिवारी संध्याकाळी ना बस, ना टॅक्सी. पलीकडच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, जिवाला धोका आहे का? असेल तरच गाडी पाठवणार होते. मी खोटं बोलायला पाहिजे होतं. नाही बोलली."

त्या थांबल्या. हात स्टिअरिंगवरच होते.

"रविवारी बोट नसते. सोमवारी तिला पायीच चढवलं, पलीकडे कुणाच्या तरी चुलतभावाची व्हॅन आली. तोवर मधला भाग सुटला होता. ऑपरेशन झालं. त्या डोळ्यानं तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माणसं नेणारी बस चालवायला दोन्ही डोळे लागतात. दुसरा ड्रायव्हर मिळत नाही. म्हणून बस बंद. आता नव्वद वर्षांची माणसं माझ्याकडे यायला कुणाच्या तरी गाडीची वाट पाहत बसतात. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

 देविकाला मोरागची ती वही आठवत होती. मार्च २००४ मध्ये ती या बेटावर आली होती तेव्हा मोरागने तिला ती उघडून दाखवली होती आणि चार रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून म्हटलं होतं, हे विसरू नकोस हं. ती विसरली नव्हती. तिने लिहून घेतलं होतं. पण हे डॉक्टरांना सांगायला तिची जीभ उचलेना.

"सिस्टिम सगळ्यांना सारखी वागवते," असं काहीतरी ती बोलून गेली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "काहून गं, एवढं शिकून हेच बोलून राहिली तू?" एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली आणि गेस्ट हाउसच्या दाराशी तिला उतरवून दिलं.

खोलीत गेल्या गेल्या देविकाने लॅपटॉप उघडला. सिस्टिमने काय काय करायला हवं याची जी यादी तिने बनवली होती, तिची दुसरी आवृत्ती तिने काढली. चौदावा मुद्दा होता: प्रत्येक फेरीत चार गाड्यांच्या जागा बेटावरच्या ऑफिससाठी राखून ठेवाव्यात, त्या देण्याचा अधिकार तिथल्या कर्मचाऱ्याचा. तिसऱ्या आवृत्तीत चौदावा मुद्दा वेगळाच होता. मग तिने आपल्या मॅनेजरला लिहिलेला ईमेल शोधला. ‘राजीव, राखीव जागांचा मुद्दा दिसत नाही?' राजीवचं उत्तर एका ओळीचं होतं. क्लायंटला डेट गाठायचीये, फेज टूमध्ये बघू. त्याच्याखाली तिचं स्वतःचं उत्तर होतं. ‘ओके.'

त्या शब्दाकडे बघताना तिला आधी राजीवचा राग आला, मग स्वतःचा, आणि दोन्हींतला कुठला जास्त हे तिला ठरवता येईना. फेज टू कधी झालीच नव्हती. तिनेही पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

मोबाइलला सिग्नल मिळतो अशी बेटाच्या त्या टोकाला एकच जागा होती, कब्रस्तानाजवळचं वळण. अंधार पडायच्या आत ती चालत तिथे गेली आणि राजीवला फोन लावला. राजीव तिचा मॅनेजर, मुंबईचा, दहा वर्षं इंग्लंडमध्ये. दुसऱ्या दिवशी तीन वाजता बेटाच्या हॉलमध्ये लोकांची सभा होती. त्यासाठी तो बोट कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर पलीकडच्या बंदरावरच्या हॉटेलात येऊन थांबला होता.

"राजीव, इथे एका बाईचा डोळा गेलाय."

"माहितीये. व्हेरी सॅड. म्हणून तर सभा घेतोय."

"मुद्दा चौदा आपण यादीतून काढून टाकला."

"आपण नाही, स्कोपमधून गेला. देविका, उद्या हा विषय काढू नकोस. कंपनी लीगली अडकेल. युजर्सनी अशी रिक्वायरमेंट दिल्याची नोंद आमच्याकडे नाही, असं मी सांगणार आहे."

"पण दिली होती. मोरागनं मला दिली होती. माझ्याकडे ईमेल आहे."

"त्या ईमेलवर तुझं ओके पण आहे ना?" तो जरा थांबला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझी चार वर्षं फेब्रुवारीत पूर्ण होतायत. सेटलमेंटच्या अर्जाला कंपनीचं लेटर लागतं. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. स्लाइड्स मी दाखवतो, तू फक्त नोट्स घे."

वर्क परमिटवर ती फेब्रुवारी २००२ मध्ये आली होती. चार वर्षं झाली की कायम राहण्याचा अर्ज करता येत होता. अर्ज मंजूर झाला की मग नोकरी कुठेही, कुणाहीकडे. पुण्यातल्या आईवडिलांना ती गेलं वर्षभर हेच सांगत आली होती, फेब्रुवारीनंतर सगळं सोपं होईल. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं नाही. दात इतके घट्ट आवळले होते की जबडा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावरच्या ऑफिसात गेली. मोराग खिडकीशी बसली होती. पन्नाशीची, गोरी, धिप्पाड बाई. तिने देविकाला ओळखलं, पण उठली नाही.

"मी तुला सांगितलं होतं," मोराग म्हणाली. "तू लिहिताना मी बघत होते. म्हणून मी सगळ्यांना सांगत राहिले, ती मुलगी लिहून घेऊन गेलीय, काळजी करू नका. मी डॉक्टरांनाही हेच सांगितलं होतं. जुलैपासून मला झोप नाही."

"मी लिहिलं होतं. वर काढून टाकलं गेलं."

"मग तू काय केलंस?"

 उत्तराची वाट न पाहता मोराग समोरच्या पडद्याकडे वळून काम करू लागली.

तीन वाजता हॉल भरला होता. साठ-सत्तर माणसं, ओल्या कोटांचा वास, मागे चहाचं मोठं भांडं. पुढच्या रांगेत डॉक्टर सू बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी निळ्या स्वेटरमधली एक सडपातळ बाई. तिच्या चष्म्याची उजवी काच धुरकट होती. ती इशबेल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला बसने फिरवणारा तो चेहरा देविकाच्या लक्षात होता. टेबलामागे बोट कंपनीचा अधिकारी, राजीव आणि देविका.

राजीवने कोट-टायमध्ये, शांत आवाजात बोलायला सुरुवात केली. बुकिंग किती वाढली, फोनवर ताटकळणं किती कमी झालं, याचे तक्ते दाखवले.  मग तो म्हणाला, "जुलैत झालेल्या घटनेचं आम्हाला अतिशय वाईट वाटतं. पण एक गोष्ट स्पष्ट करतो. राखीव जागांची गरज सिस्टिम बनवताना कुणीही आमच्यापर्यंत पोचवली नव्हती."

मोराग मागून उठली. "मी सांगितलं होतं. तुमच्या शेजारी बसलीय तिलाच सांगितलं होतं."

सगळ्या माना देविकाकडे वळल्या. राजीवने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि मान किंचित तिच्याकडे झुकवून मराठीत म्हणाला, "गप्प बस. आठवत नाही म्हण. ही माणसं काय, दोन दिवस ओरडतील आणि विसरतील. तुझं लेटर माझ्या हातात आहे, लक्षात ठेव."

समोर माइक होता. आवाज हळू असला तरी पहिल्या रांगेपर्यंत गेला. डॉक्टर सू यांचा चेहरा बदललेला देविकाला दिसला. राजीवला तो दिसला नाही. पुढच्या रांगेतली डॉक्टर मराठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि देविकाने ते त्याला काल सांगितलं नव्हतं.

डॉक्टर जागेवरूनच मराठीत म्हणाल्या, "ही माणसं विसरत नाहीत. तिला बोलू दे."

राजीवचं हसू गेलं. हॉलमधल्या बाकी कुणालाच शब्द कळले नव्हते, पण काय झालं ते सगळ्यांना कळलं. अधिकाऱ्याने गोंधळून विचारलं, "काही अडचण आहे का?"

देविका उभी राहिली. 

"मोरागनं मला सांगितलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "मार्च २००४, याच बेटावर. मी ते लिहून घेतलं. यादीत चौदावा मुद्दा होता. आमच्या कंपनीनं तो वगळला, तारीख गाठायची म्हणून. वगळल्याचं मला समजलं तेव्हा मी एकदा विचारलं आणि नंतर ओके म्हणाले. ते ईमेल माझ्याकडे आहेत. ते मी आत्ताच तुम्हाला देते." शेवटचं वाक्य ती अधिकाऱ्याकडे बघून म्हणाली आणि पिशवीतून काढलेले, सकाळी गेस्ट हाउसच्या प्रिंटरवर छापलेले कागद त्याच्यासमोर ठेवले.

"देविका, बस खाली," राजीव म्हणाला.

"नाही बसणार. काल तू मला माझ्या भल्याचं सांगितलंस. आज लोकांसमोर दोष यांच्यावर ढकललास. मोरागनं सांगितलं नव्हतं म्हणालास. तिला तीन महिने झोप नाही." हेही ती इंग्रजीतच म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून.

मग हॉलमध्ये आवाज वाढले. कुणी अधिकाऱ्याला विचारत होतं, कुणी राजीवला. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि नुसताच टेबलावर हात आपटत राहिला. राजीवने लॅपटॉप मिटला आणि बाजूला जाऊन बसला.  सभा संपत आली तेव्हा इशबेल उठून देविकासमोर आली. जवळून बघताना ती मान थोडी वळवत होती, चांगल्या डोळ्याने नीट दिसावं म्हणून.

"तू लिहून घेतलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते काढलं हे तुला माहीत होतं."

"हो. आय ॲम सॉरी."

"हे तू आज बोललीस तितक्या मोठ्यानं तेव्हा बोलायला हवं होतंस." तिचा आवाज चढला नव्हता. ती वळली आणि कोट घालून बाहेर गेली.

पुढचं भराभर झालं. तीन आठवड्यांत बोट कंपनीने चार जागा परत बेटाच्या ऑफिसकडे दिल्या. सिस्टिममध्ये तो बदल करायला दोन दिवस लागले. देविकाला त्या कामावरून आधीच काढलं होतं, पण ते दोन दिवस तिला एका सहकाऱ्याकडून कळले. दोन दिवस. ती ऑफिसच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून भिंतीवर मूठ आपटली. हात आठवडाभर सुजला होता.

नोव्हेंबरात तिची जागा रद्द झाल्याचं पत्र आलं. कारण दिलं होतं पुनर्रचनेचं. राजीव त्या दिवशी ऑफिसात नव्हता. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात तिला नोकरी मिळाली, पण नवं वर्क परमिट हातात पडायला एप्रिल उजाडला, त्यामुळे फेब्रुवारीत अर्ज करता आला नाही. त्याच महिन्यात सरकारने चार वर्षांची अट पाच वर्षांची केली. आईला फोनवर सांगताना ती म्हणाली, अजून एक वर्ष. आई म्हणाली, "तू तिथे कशाला बोलायला गेलीस गं?" देविकाने फोन ठेवून दिला. दोन दिवस तिने पुण्याला फोन केला नाही.

इशबेलला तिने एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. महिन्याभराने दुसरं लिहिलं. तेव्हा एका रविवारी डॉक्टर सूंचा फोन आला.

"तिला आणखी पत्रं पाठवू नको."

"तिनं वाचली का?"

"वाचली. पहिलं वाचून चुलीत टाकलं, दुसरं वाचून मला आणून दिलं. तिला तुझी माफी नकोय, देविका. तिला तिची बस पाहिजे होती."

"मग मी काय करू? सांगा तुम्ही. नोकरी घालवली, वर्ष घालवलं. आणखी काय करू?" पहिल्यांदाच ती डॉक्टरांवर आवाज चढवून बोलली.

"माझ्यावर ओरडायचं तर ओरड. मला चालतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तू नोकरी घालवलीस ते बरोबर केलंस म्हणून घालवलीस. त्याचा हिशोब इशबेलकडे मागू नको. तिचा डोळा गेलाय, ती तुला मोकळं करायला बांधलेली नाही. मी पण त्या दिवशी ॲम्ब्युलन्सवाल्यांशी खोटं नाही बोलली. मला कोण मोकळं करणार?"

 फोनमध्ये वाऱ्याचा घुमणारा आवाज येत होता.

"परवा मोरागनं एक गाडी चढवली," मग डॉक्टर म्हणाल्या. "बाळंतपणाची केस. जागा होती. मुलगी झाली."

"बरं झालं," देविका म्हणाली. तिला बरं वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, ही जागा जुलैतही तिथे असायला हवी होती.

"बरं झालंच," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या रविवारी फोन करते. तू पण करत जा. पण दुपारी कर, बस नाही म्हणून सकाळी मी पेशंटना गाडीतून आणायला जाते."